अब्रू तारांकित, बंदी बारला

2005 मध्ये महाराष्ट्र सरकारने डान्सबारवर बंदी आणली आणि स्त्रीवादी चळवळीतच दोन तट पडले. वकील फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस उच्च न्यायालयात बारबालांच्या बाजूने उभ्या राहिल्या. मुद्दा रोजीरोटीचा होता. काही दलित स्त्रीवाद्यांचा सवाल अधिक बोचरा होता: जातीने पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात बांधलेल्या नाचाला ‘निवड’ कसे म्हणायचे?

कायदा या वादाच्या वाटेलाच गेला नाही. बड्या तारांकित हॉटेलांना त्याने सूट दिली. नीतिमत्ताही ऐपत पाहून!

उच्च न्यायालयाने 2006 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली. तोवर हजारो बायकांची कमाई बुडाली होती. त्यानंतर सरकारने घातलेल्या नव्या अटीही 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैल केल्या: टीप चालेल, नोटा उधळणे नाही.