लेखकानं बिल पाठवावं

लेखनाच्या पैशाबद्दल मराठीत दोनच सुरांत बोललं जातं. एक सूर व्यासपीठावरचा: साहित्य ही साधना, तिला व्यवहाराचा विटाळ नको. दुसरा मोबाइलवरचा: घरबसल्या लिहा, महिना लाख कमवा, आजच्या दिवस कोर्सला निम्मी फी. पहिला सूर लावणाऱ्यांची पेन्शन बहुधा महिन्याच्या एक तारखेला जमा होत असते, आणि दुसरा लावणाऱ्यांची कमाई लेखनातून नव्हे, कोर्समधून होते. नोकरी न करता लिहून घर चालवणाऱ्या माझ्यासारख्याला या दोघांचंही म्हणणं साफ नामंजूर आहे. फ्रीलान्स लेखन हा धंदा आहे. तो मराठीतही चालतो. आणि बसतो तेव्हा लेखणी कमी पडली म्हणून सहसा बसत नाही. दर, करार आणि वसुली यांच्याकडे लेखकानं पाठ फिरवलेली असते म्हणून बसतो.

आधी साधनावाले. सरस्वती आणि लक्ष्मी एका घरात नांदत नाहीत, हे ऐकवलं जातं ते फक्त लेखकाला. संमेलनाचा मांडव घालणारा, स्पीकर लावणारा, जेवणाचं कंत्राट घेणारा यांच्यापुढे कोणी सरस्वतीचं नाव काढत नाही. दिवाळी अंकाचंच घ्या. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला, तिथपासूनची ही परंपरा. तिचा अभिमान मलाही आहे. पण अंकाचा हिशोब मांडून बघा. कागदवाल्याला रोख, छापखान्याला निम्मे आधी, वितरकाला कमिशन, जाहिरात आणणाऱ्याला कमिशन, टपालखात्याला तर तिकीट लावल्याशिवाय अंक हलतच नाही. यातून उरलं तर लेखकाला, नाही उरलं तर 'अंक पाठवतोय, पत्ता कळवा'. (पत्ता गेल्या वर्षीचाच असतो, तरी दरवर्षी विचारतात.) ज्याच्या मजकुरासाठी अंक विकत घेतला जातो तोच रांगेत शेवटी. ही व्यवस्था कुणाच्या तरी सोयीची आहे, एवढंच. तिला साधना म्हणून उगाच वर चढवू नये.

याच पंथाचा दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: सांगून, ठरवून, तारखेला बांधून लिहिलेलं लेखन दुय्यमच उतरतं. या आक्षेपाला उत्तर द्यायला मराठी माणसाला लांब जायला नको. १ एप्रिल १९५५, रामनवमी. पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. मागणी आकाशवाणीच्या सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. आठवड्याला एक नवं गाणं, आणि ते ठरल्या दिवशी वाजलंच पाहिजे. मूळ बेत ५२ गाण्यांचा. त्या वर्षी अधिक मास आला आणि गाणी ५६ झाली. म्हणजे विषय दुसऱ्यानं ठरवलेला, मुदत आठवड्याची, आणि वर मधेच काम वाढलेलं! कुठल्याही फ्रीलान्सरला हे सगळं ओळखीचं वाटेल. पहिलंच गाणं ऐन वेळी हरवलं आणि लाडांनी कवीला खोलीत बसवून ते पुन्हा लिहून घेतलं, असंही सांगतात. याच गदिमांनी शंभराहून अधिक मराठी चित्रपटांसाठी लिहिलं, शांतारामबापूंच्या 'दो आँखें बारह हाथ'ची कथा-पटकथा दिली. हे सगळं मागणीवरून झालेलं काम. पेशवाईतले शाहीरही बिदागी घेऊन गायचे, आणि त्यांच्या लावण्या अजून गाजतात. मागणीवरून लिहिलेल्यात टाकाऊ पुष्कळ असतं, हे कबूल. स्फूर्तीनं लिहिलेल्यात काय कमी असतं? संपादकांच्या टेबलाखालची खोकी त्याची साक्ष देतील.

आता लाखवाले. यांच्याशी भांडायला इतका वेळ नको, कारण यांचं म्हणणं खोटं नसून अर्धं असतं. पैसे आहेत, पण ते ज्या कामात आहेत त्याचा फोटो रीलमध्ये बरा दिसत नाही. मराठीत लिहून पैसे मिळतात ते सहकारी पतसंस्थेच्या वार्षिक अहवालात. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत. एखाद्या कारखानदाराच्या आत्मचरित्राच्या शब्दांकनात, जिथे सहा महिने त्यांच्या बैठकीत बसून रेकॉर्डिंग करायचं आणि पुस्तकावर आपलं नाव असलंच तर बारीक टायपात. बँकांना ग्राहकांपुढचे फॉर्म प्रादेशिक भाषेतही ठेवावे लागतात, ते कोणीतरी मराठीत आणतंच. वॉशिंग मशिनचं माहितीपुस्तक, मालिकेचं डबिंग, सबटायटल, ऑडिओ कथा, औषध कंपनीची पत्रकं. या यादीत मिरवण्यासारखं फार काही नाही, पण माझ्या घराचे हप्ते हिच्यावरच गेले आहेत.

शिवाय या धंद्याला हंगाम असतो, आणि कोर्समध्ये तो शिकवत नाहीत. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सभा घ्यावी लागते. त्यामुळे जुलै-ऑगस्टात सगळ्या अध्यक्षांना एकदम मनोगत सुचतं. दिवाळी अंकांचे लेखही नेमके तेव्हाच मागतात. त्या दोन महिन्यांत जेवायला फुरसत नसते आणि दिवाळीनंतर फोन शांत. आलेलं सगळं पावसाळ्यात खर्च केलं तर डिसेंबरात उधारी. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नये, हे मी कोणालाही सांगतो. आणि निम्म्याहून जास्त मिळकत एकाच गिऱ्हाइकाकडून येत असेल तर नोकरी सुटलेलीच नाही, फक्त प्रॉव्हिडंट फंड गेला असं समजावं.

दराबद्दल बोलताना मराठी लेखकाची जीभ अडखळते. 'तुम्हीच समजून द्या' म्हणतो आणि समोरचा समजून घेतोच, त्याच्या सोयीनं. दर शब्दावर सांगा, पण ठरवताना तासांवर ठरवा. समजा १,५०० शब्दांचं माहितीपत्रक आहे आणि दर शब्दाला दीड रुपया. २,२५० रुपये झाले. ऐकायला ठीक वाटतं. आता तास मोजा: एक बैठक जाण्यायेण्यासकट तीन तास, वाचन-विचारपूस तीन, लेखन पाच, आणि 'जरा दोन शब्द बदलून द्या' या नावाखालच्या तीन फेऱ्या मिळून तीन. चौदा तास झाले. तासाला १६० रुपये. तेवढ्यात नळ दुरुस्त करणारा माझ्या सोसायटीच्या फाटकातही शिरत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. दर वाढवता येत नसेल तर बैठक फोनवर घ्या, फेऱ्या दोनवर आणा. दर म्हणजे केवळ आकडा नसतो. त्या आकड्यात काय बसत नाही, तेही दरातच येतं.

हे सगळं कागदावर हवं, आणि कागद म्हणजे वकिलाकडचा स्टॅम्पपेपरच पाहिजे असं नाही. काम सुरू करण्याआधी मी एक मेल टाकतो. 'ठरल्याप्रमाणे: १,५०० शब्दांचं माहितीपत्रक, पहिला खर्डा अमुक तारखेला. एकूण रक्कम इतकी, निम्मी आगाऊ. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत, पुढे प्रत्येक फेरीचे वेगळे. खर्डा दिल्यावर काम थांबलं तरी आगाऊ रक्कम परत नाही. पूर्ण रक्कम मिळाल्यावर मजकूर वापरण्याचा हक्क तुमचा.' खाली एकच विनंती: 'मान्य असल्यास उत्तर द्या.' या मेलला उत्तर न देणारं गिऱ्हाईक पुढे बिलालाही उत्तर देत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून चाळणी म्हणूनही हा मेल उपयोगी पडतो.

हक्काची ओळ त्यात का, असं काही जण विचारतात. पैसे दिले म्हणजे मजकूर कायमचा आमचा, अशी सार्वत्रिक समजूत आहे. १९५७ चा कॉपीराइट कायदा तसं म्हणत नाही. पगारी नोकराचं आणि सरकारसाठी केलेलं काम वेगळं. पण स्वतंत्र लेखकानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच. हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. एका ब्लॉगसाठी दिलेला लेख उद्या पुस्तकात, परवा ऑडिओवर निघाला तर विचारायला जागा आहे, ती इथे. चित्रपटाच्या लेखक-गीतकारांसाठी तर २०१२ च्या दुरुस्तीनं असं ठरवलं की चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला त्यांचा वाटा निर्मात्याच्या नावे सोडूनही देता येणार नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी झगडले. मुंबईत या मंडळींची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. संहिता नोंदवते, तंटे ऐकते, आणि कामगार संघटना म्हणून नोंदलेली आहे. कामगार म्हणवून घेतल्यानं कोणाची प्रतिभा आटल्याचं ऐकिवात नाही.

खरी कसोटी लागते वसुलीत. बिल पाठवून दोन महिने झालेले असतात. फोन लावला की कळतं, 'बिल अकाउंट्सला गेलंय.' अकाउंट्स सांगतं, 'यावर पीओ नंबर नाहीये.' पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, काढणारे साहेब रजेवर. साहेब येतात तोवर मार्च संपतो आणि बिल नव्या वर्षाच्या तारखेनं पुन्हा मागवलं जातं. यात कोणी दुष्ट नसतं. फक्त तुमचा कागद ढिगाच्या तळाशी असतो, कारण तो वर काढण्यासाठी कोणावर कसलाच दाब नसतो.

हा दाब कायद्यानं देऊन ठेवला आहे आणि लेखक तो वापरत नाहीत, हे मला सगळ्यात खटकतं. सेवा देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी करू शकतो. आधार आणि पॅन लागतं, फी काही नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचं बिल ठरल्या मुदतीत द्यावं लागतं, आणि मुदत काहीही ठरली तरी ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ पद्धतीनं व्याज. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आणि राज्याची सुविधा परिषद. भरीला २०२३ च्या अर्थसंकल्पानं अशी तरतूद आणली की सूक्ष्म-लघु उद्योगाची थकबाकी या मुदतीत दिली नाही, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला करातून वजा दाखवता येत नाही. यातलं व्याज मी अजून कोणाकडून घेतलेलं नाही. पण बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि '४५ दिवसांत देय' एवढी ओळ छापली, की साहेबांच्या रजा कमी होतात, कारण कंपनीच्या सीएला मार्चअखेरीला ती ओळ दिसते. नोंदणी मात्र कामाआधीची हवी. नंतरच्या नोंदणीवरून कोर्टात बरीच भांडणं झाली आहेत. आणि बिलातून १० टक्के टीडीएस कापला म्हणून हळहळणाऱ्यांनी विवरणपत्र भरावं. ते पैसे तुमच्या नावावर सरकारात जमा आहेत, कर कमी बसला तर परत येतात.

यावर हमखास येणारा प्रश्न: एवढं कडक वागलं तर संबंध बिघडणार नाहीत का? बिघडतात ते थकबाकीनं. चार महिने पैसे अडकलेला लेखक गिऱ्हाइकाला टाळायला लागतो, पुढचं काम उरकून टाकतो, आणि मग दोघं एकमेकांबद्दल तिसऱ्याकडे बोलतात. वेळेवर पैसे मिळालेल्या लेखकाचा आवाज फोनवरच वेगळा लागतो.

'आता एआय आलं, तुमचं संपलं', हा ताजा पूर्वपक्ष. स्वस्त, घाऊक, कोणी न वाचणारा मजकूर गेला हे खरं आहे. गेला ते बरं झालं असं म्हणणार नाही, त्यावर नवशिक्यांचा पहिला हात बसत असे. पण 'मशीननं केलंय, फक्त नजर फिरवा, पाव दर देऊ' असा निरोप आला तर शब्दाचा दर मान्यच करू नये, तासाचा सांगावा. नजर फिरवताना निम्मं पुन्हा लिहावं लागतं, आणि पतसंस्थेच्या सभेत चुकीचा आकडा निघाला तर सभासद मशीनला नाही, अध्यक्षांना धरतात. अध्यक्षांना ते चांगलं ठाऊक आहे.

राहता राहिली ती लहान मासिकं, ज्यांच्याकडे खरोखरच पैसे नाहीत. एखाद्या शिक्षकानं पगारातून चालवलेलं त्रैमासिक, एखाद्या गावच्या वाचनालयाचा अंक. त्यांना मी फुकट लिहितो आणि खुशीनं लिहितो. तिथेही मेल जातोच: मानधन शून्य, पाच प्रती, हक्क माझ्याकडे, खर्डा १५ ऑगस्टला. एका संपादकांनी गेल्या वर्षी उलट कळवलं की पाच परवडणार नाहीत, तीन देतो. तीनवर ठरलं.