विडी सोडणाऱ्याला सोबत द्या!

आपल्या सभांमधले एक दृश्य प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. सभागृहात परिवर्तनावर जोरदार भाषणे होतात. व्यसनाधीनतेने समाज पोखरला आहे, असे एखादा वक्ता पोटतिडकीने सांगतो. टाळ्या पडतात. सभा संपते आणि अर्ध्या तासाने तोच वक्ता, तेच कार्यकर्ते बाहेरच्या टपरीवर उभे असतात. एकाच काडीवर चार सिगारेटी पेटतात. सभेत अर्धवट राहिलेली चर्चा तिथे धुरात पूर्ण होते. हे मी टीका म्हणून लिहीत नाही. त्या टपरीवर मी स्वतः २८ वर्षे उभा होतो.

दारूविषयी आपली चळवळ बोलते. बोललेच पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शील रोज विहारात म्हटले जाते. पण विडी, सिगारेट, तंबाखू यांच्याबाबत आपण सोयीस्कर मौन पाळतो. एका शिबिरात एका तरुणाने मला उलट विचारले होते, "पंचशीलात तंबाखूचे नाव कुठे आहे?" नाव नाही हे खरेच. कारण बुद्धाच्या काळात या देशात तंबाखू नव्हतीच. ती पोर्तुगीजांबरोबर दोन हजार वर्षांनी आली. पण शीलाचा रोख पदार्थाच्या नावावर आहे की माणसाला गाफील करणाऱ्या, गुलाम करणाऱ्या सवयीवर आहे? गुलामाला गुलामीची जाणीव करून देण्याची भाषा बोलणाऱ्यांनी खिशातल्या या मालकाकडे पाहायचे नाही काय?

हा मालक कोणाच्या खिशात अधिक आहे, तेही पाहू. २०१६-१७ साली देशभर झालेल्या तंबाखूविषयक सर्वेक्षणानुसार भारतात २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते आणि त्यांतही सिगारेटपेक्षा विडी ओढणारे जास्त होते. विडी कोण ओढतो? बांधकामावरचा मजूर, हमाल, रिक्षाचालक, सफाई कामगार, शेतमजूर. म्हणजे आपलाच माणूस. ती भूक मारते, थकवा विसरायला लावते आणि मुकादमाच्या डोळ्यांदेखत पाच मिनिटे बसण्याचा परवाना देते. ज्याला विश्रांतीचा हक्क नाही, त्याने धुरातून ती पाच मिनिटे मिळवली आहेत. हे समजून न घेता त्याला उपदेश करणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय.

विडी पानाची असते, म्हणून ती सिगारेटइतकी वाईट नाही, हा गैरसमज वस्त्यावस्त्यांतून आहे. वस्तुस्थिती उलट आहे. विडी विझू नये म्हणून ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते. त्यामुळे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत कमी जात नाही, उलट अधिकच जाते. त्यातून क्षयरोग आपल्या वस्त्यांचा जुना पाहुणा. धूम्रपान करणाऱ्याला क्षय होण्याचा आणि क्षयाने मरण्याचा धोका वाढतो. दहा बाय बाराच्या खोलीत एक जण ओढतो आणि सहा जण श्वास घेतात. यात त्या सहा जणांचा गुन्हा काय?

आता माझ्याविषयी. १९८६ साली मी मराठवाड्यातल्या एका वसतिगृहात शिकायला आलो. नामांतराच्या लढ्याचे दिवस होते. रात्र रात्र जागून आम्ही पोस्टर रंगवत असू. पैसे नसत. एक विडी तिघांत फिरे. जातीने ज्यांचे पाणी वेगळे ठेवले त्यांनी एकमेकांच्या ओठांची विडी ओढावी, यात त्या वयात मला एक प्रकारची समता दिसत होती. पुढे नोकरी लागली, विडीची सिगारेट झाली, दिवसाला दोन पाकिटे झाली. १९९४ साली नामांतर झाले. माझी सिगारेट मात्र सुटली नाही.

सोडायचा प्रयत्न केला नाही असे नाही. चार वेळा केला. एकदा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर रांगेत उभा असताना मनाशी शपथ घेतली आणि ९ डिसेंबरला कार्यालयाच्या जिन्याखाली ती मोडली. त्यानंतर वर्षभर मला त्या आठवणीची लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस लपतो आणि लपला की अधिक ओढतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवून रागावले. घरात भांडणे झाली. मुलीने बोलणे सोडले. या सगळ्यांचे बरोबर होते, पण त्यांच्यापैकी कोणालाही सकाळी चहाचा पहिला घोट घेतल्यावर हाताला काय होते, ते माहीत नव्हते.

ते माहीत असलेला माणूस मला २०१४ साली आमच्याच विहारात भेटला. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. आम्ही त्यांना काका म्हणत असू. ३० वर्षे विडी ओढून त्यांनी ती सोडली होती. रविवारी वंदना संपल्यावर मी नेहमीप्रमाणे मागच्या भिंतीकडे निघालो, तर काका पाठोपाठ आले. मला वाटले, आता व्याख्यान. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, जन्मभराची सोडू नका. ते कुणाला जमत नाही. आजची सोडा आणि रात्री मला फोन करून सांगा, दिवस कसा गेला."

पुढे आम्ही चौघे झालो. काका, एक भाजीविक्रेता, एक शिक्षक आणि मी. दोघांची सुटलेली, दोघांची सुटायची. नियम काही नव्हते. तलफ आली की फोन करायचा. समोरचा माणूस गिऱ्हाईक करता करता बोलायचा, "कांदा वीस रुपये... हं भाऊ, बोला, चालायला लागा, टपरीच्या उलट्या बाजूला." खिशात फुटाणे आणि लवंगा असायच्या. तलफ काही मिनिटेच टिकते, ती लाटेसारखी चढते आणि उतरते, हे मी नंतर वाचले. काका ते न वाचता सांगायचे, "पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटं माझ्याशी बोला."

एकोणिसाव्या दिवशी मी पडलो. वसतिगृहातला माझा जुना मित्र, नामांतराच्या लढ्यातला खंदा कार्यकर्ता, फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. त्याच्या अंत्ययात्रेहून परतताना मी सिगारेट पेटवली. ज्या धुराने मित्र नेला, त्याच धुरात मी त्याचे दुःख बुडवत होतो! रात्री काकांना फोन करायची हिंमत होईना. शेवटी त्यांचाच आला. मी खरे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ते अठरा दिवस गेले कुठं? ते तुमचेच आहेत ना? उद्याचा एकोणिसावा." आजवर मला कोणी एवढे मोठे काही दिले नव्हते. उपदेश करणाऱ्याने मला शून्यावर नेले असते. जो स्वतः पडून उठला होता, त्याने मला अठरावर उभे केले. त्यानंतर मी सिगारेटला हात लावलेला नाही.

यातून मी जे शिकलो, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. मी धूम्रपान सुरू केले ते सोबतीसाठी. वसतिगृह, टपरी, जिन्याखालची जागा ही सगळी सोबतीची ठिकाणे होती. म्हणून सिगारेट सोडायची म्हणजे नुसते निकोटिन सोडायचे नसते, ती सोबतही सोडावी लागते. एकटा पडलेला माणूस परत टपरीवर जातो, कारण तिथे त्याची वाट पाहणारे कोणीतरी असते. सोबतीने लागलेले व्यसन सोबतीनेच सुटेल. नुसत्या मनोनिर्धाराच्या बळावर केलेल्या प्रयत्नांपैकी फार थोडे वर्षभर टिकतात, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. अमेरिकेत १९३५ साली दारू सोडू पाहणाऱ्या दोन माणसांनी एकमेकांना आधार दिला आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभे राहिले. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली सुरू झालेल्या मुक्तांगणातही व्यसनातून बाहेर आलेला माणूसच दुसऱ्याला हात देतो.

पण हे शोधायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज आहे काय? भिक्खू आनंद एकदा बुद्धाला म्हणाले की, कल्याणमित्राची सोबत म्हणजे अर्धे धम्मजीवन होय. बुद्धाने त्यांना दुरुस्त केले: अर्धे नव्हे, ती म्हणजे संपूर्ण धम्मजीवन. संघाची कल्पना याच पायावर उभी आहे. आणि 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा आदेश काय फक्त मोर्चापुरता आहे?

काही जण म्हणतील, अत्याचार होत आहेत, आरक्षणावर घाला येतो आहे, खासगीकरणाने नोकऱ्या गेल्या, आणि तुम्ही विडी-सिगारेटवर काय लिहिता? मी त्यांना विचारतो, हे लढे लढणार कोण? पन्नाशीत धाप लागलेले कार्यकर्ते? आपण किती शोकसभा घेतल्या, ज्यात मृत्यूचे कारण सांगताना 'अल्पशा आजाराने' असे म्हणून वेळ मारून नेली? रोज शंभर रुपयांची सिगारेट ओढणारा वर्षाला साडेछत्तीस हजार रुपये जाळतो. तेवढ्यात एखाद्या मुलाची वर्षाची पुस्तके आणि शिकवणी होते. हा प्रश्न आरोग्याचा आहे, तेवढाच शिक्षणाचाही आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सोलापूर, सिन्नर, भंडारा-गोंदिया इथल्या हजारो कष्टकरी बाया विड्या वळून घर चालवतात. विडी सुटली तर त्यांनी खायचे काय? आमचा रोख त्यांच्यावर मुळीच नाही. तंबाखूची धूळ छातीत घेऊन, मान मोडून, हजारावर मजुरी मिळवणाऱ्या या बाया याच व्यवस्थेच्या बळी आहेत. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, तरी त्यांच्या मजुरीची लढाई संपली नाही. त्यांना पर्यायी रोजगार देणे ही शासनाची आणि त्यांच्या घामावर श्रीमंत झालेल्या कारखानदारांची जबाबदारी आहे. एका गरिबाच्या फुप्फुसावर दुसऱ्या गरिबाची चूल पेटवायची, हा न्याय आपल्याला कधीच मान्य होणार नाही.

आणखी एक सावधगिरी. विडी सोडली आणि खर्रा धरला, सिगारेट सोडली आणि मिश्री लावली, याला सोडणे म्हणत नाहीत. महाराष्ट्रात ओढणारे थोडे आणि चघळणारे फार आहेत: त्याच सर्वेक्षणात राज्यात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण तोंडाचा कर्करोग थांबला नाही. आणि मित्राची सोबत म्हणजे डॉक्टरला पर्याय नव्हे. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, बेचैनी, झोप न लागणे हे होणारच. काही आठवड्यांत ते ओसरते. ज्यांना फार त्रास होतो त्यांच्यासाठी निकोटिनच्या गोळ्या, च्युइंगम आणि इतर औषधे आहेत. ती डॉक्टरच्या सल्ल्याने घ्यावीत. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर फोन केल्यास मोफत समुपदेशन मिळते.

आता उशीर झाला, असे कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टरांवरच सुरू झालेला एक अभ्यास पन्नास वर्षे चालला. त्याचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तिशीत सिगारेट सोडणाऱ्याला आयुष्याची सुमारे दहा वर्षे परत मिळतात, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा आणि साठीत सोडली तरी तीन. तीन वर्षे म्हणजे नातीला शाळेत पोहोचवायला पुरेशी वर्षे!

म्हणून माझे आवाहन ओढणाऱ्यांना नाही, ज्यांनी सोडली आहे त्यांना आहे. आपल्या प्रत्येक वस्तीत असे दोन-चार जण आहेतच. ते गप्प आहेत, कारण त्यांना वाटते की आपली सुटली, विषय संपला. बांधवांनो, विषय तिथे सुरू होतो! प्रत्येक विहारात, प्रत्येक कामगार संघटनेच्या कार्यालयात रविवारी एक तास बसा. बॅनर नको, अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. येणाऱ्याचे नाव लिहून घेऊ नका, पडलेल्याला रागावू नका आणि त्याला फोन करायला विसरू नका. बायांसाठी बायांनी बसावे. मिश्रीचा प्रश्न त्या आपल्यापेक्षा बरा जाणतात.

काका आज हयात नाहीत. वयाने गेले, समाधानाने गेले. त्यांच्यानंतर रात्री नऊला फोन करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्या पाच जणांना करतो. त्यातला एक रंगकाम करणारा पोरगा आहे, चोवीस वर्षांचा. काल त्याचा सातवा दिवस होता. तो मोडला की टिकला, हे मी त्याला विचारले नाही. एवढेच विचारले, "आज दिवस कसा गेला?"

आपल्या ओळखीतल्या एका माणसाला आज रात्री हाच प्रश्न विचारा. जय भीम!