मल्टिपल स्क्लेरोसिस : रोग, रुग्ण आणि समाजाचे कर्तव्य

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान, तेथील जुना किल्ला आणि पपनसांच्या बागा यांमुळे ते पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. २००८ साली बेंगळुरूचा आंतरराष्ट्रीय विमानतळ तेथे सुरू झाला आणि देशाच्या सर्व भागांतून तरुण मंडळी नोकरीसाठी त्या परिसरात येऊ लागली. अशाच एका मराठी कुटुंबातील अठ्ठावीस वर्षांच्या नोकरदार स्त्रीची कल्पना करावी. एके दिवशी सकाळी तिच्या उजव्या डोळ्यापुढे धुके दाटल्यासारखे होते. डोळा हलविला की दुखतो. काही आठवड्यांत दृष्टी बरीचशी परत येते आणि घरची मंडळी ती गोष्ट विसरून जातात. वर्षभराने पायांना मुंग्या येऊ लागतात, जिना चढताना पाय जड होतात आणि दुपारपर्यंत असा थकवा येतो, की तो झोपेनेही जात नाही. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या निर्दोष असतात. कचेरीतील वरिष्ठांना ती कामचुकार वाटते, सासूबाईंना नाजूक वाटते, आणि शेजारीण दृष्ट काढण्याचा सल्ला देते. ही स्त्री काल्पनिक आहे. परंतु मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाने पीडलेल्या कित्येकांची कथा थोड्याफार फरकाने अशीच असते.

या रोगाचे स्वरूप समजण्यासाठी मज्जातंतूंची रचना ध्यानात घेतली पाहिजे. विजेच्या तारेवर ज्याप्रमाणे रबराचे वेष्टन असते, त्याप्रमाणे मेंदूतील व मेरुरज्जूतील पुष्कळशा तंतूंवर मायेलिन नामक स्निग्ध द्रव्याचे आवरण असते. या आवरणामुळे संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगाने धावू शकतो. ज्या तंतूंना मुळातच हे आवरण नसते, त्यांतून तो सेकंदाला जेमतेम एकदोन मीटर जातो. एरवी रोगजंतूंचा नाश करणारी शरीराची प्रतिकारशक्ती या रोगात मायेलिनलाच शत्रू समजून त्यावर हल्ला करते. आवरण झिजले, की संदेश मंदावतो, अडखळतो वा मध्येच थांबतो. हल्ल्याच्या जागी पुढे कठीण वण तयार होतात. असे वण अनेक ठिकाणी आढळतात, म्हणून या रोगास मराठीत ‘बहुविध काठिण्य’ म्हणता येईल. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तँ शार्को यांनी १८६८ साली त्याचे पहिले सुसंगत वर्णन केले.

रोगाचे एक निश्चित कारण सांगता येत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान आणि विषाणूंचा संसर्ग यांचा त्यात वाटा असतो. अमेरिकेतील एक कोटीहून अधिक सैनिकांच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०२२ साली प्रसिद्ध झाले. एप्स्टाइन-बार नामक विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर या रोगाचा धोका सुमारे बत्तीस पट वाढतो, असे त्यात दिसून आले. मात्र बहुतेक प्रौढांना हा संसर्ग केव्हा ना केव्हा झालेला असतो आणि त्यांपैकी फारच थोड्यांना हा रोग जडतो. म्हणजे विषाणू हे एकमेव कारण नव्हे. हा रोग एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाजवळ बसल्याने वा त्याच्या ताटात जेवल्याने तो होत नाही, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असले पाहिजे.

हा पाश्चात्त्यांचा रोग आहे, आपल्याकडे तो नाहीच, असा समज दीर्घकाळ रूढ होता. मुंबईचे विख्यात मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नौशेर वाडिया व त्यांचे सहकारी यांनी पारशी समाजाची पाहणी करून १९९० साली दाखवून दिले, की त्या समाजात दर लाखामागे वीसांहून अधिक लोकांना हा रोग आहे. चुंबकीय प्रतिमेची, म्हणजे एम.आर.आय.ची, यंत्रे गावोगावी पोहोचू लागल्यावर इतर समाजांतही रुग्ण आढळू लागले. जगातील रुग्णांची संख्या २०२० साली सुमारे २८ लाख मानली गेली. रोगाची सुरुवात बहुधा वीस ते चाळीस या वयात होते आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक असते. शिक्षण संपवून संसार व नोकरी यांची घडी बसविण्याचा जो काळ, नेमका त्याच काळात हा पाहुणा दारात उभा राहतो.

त्याहून कठीण गोष्ट अशी, की हा रोग पुष्कळदा लपून राहतो. दहांपैकी आठाहून अधिक रुग्णांत तो आरंभी भरती-ओहोटीप्रमाणे येतो व ओसरतो. काल काठी घेऊन चाललेली व्यक्ती आज काठीवाचून चालताना दिसते आणि पाहणारा मनात शंका धरतो. थकवा, लघवीवरील ताबा सुटणे, विसराळूपणा, चित्त एकाग्र न होणे ही लक्षणे तर कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाहीत. शरीराचे तापमान किंचित वाढले, तरी दुखावलेले तंतू काम सोडतात. श्रमानंतर रुग्णाची दृष्टी तात्पुरती मंदावते, हे विल्हेल्म उथोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० साली नोंदविले. विदर्भाच्या उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर पडणाऱ्या अशा रुग्णाचे पाय लटपटतात आणि थंड जागी बसल्यावर सावरतात. ते सोंग नव्हे, ते शरीराच्या नियमास अनुसरूनच घडते.

रोग समूळ बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. परंतु रुग्णाच्या हाती काहीच नाही, ही स्थिती १९९३ सालीच संपली. त्या वर्षी अमेरिकेत इंटरफेरॉन बीटा या औषधास मान्यता मिळाली आणि त्यानंतर हल्ल्यांची संख्या कमी करणारी अनेक औषधे निघाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या रोगावरील तीन औषधे घातली. त्यांपैकी रिटुक्सिमॅब हे भारतातही तयार होते व तुलनेने स्वस्त पडते. औषध जितके लवकर सुरू होईल, तितके तंतू वाचतात. म्हणून निदानातील दिरंगाई हीच या रोगातील सर्वांत महाग गोष्ट होय. निदान अचूक असणेही तितकेच आवश्यक आहे. कारण यासारखाच दिसणारा एक वेगळा रोग आशियात आढळतो आणि एकाचे औषध दुसऱ्यास अपायकारक ठरू शकते. डोळा वा पाय काही दिवस निकामी होऊन आपोआप सुधारला, तरी मज्जाविकारतज्ज्ञास दाखविणे टाळू नये.

आता आधाराचा प्रश्न. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात या रोगाचा उल्लेख नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने मान्य केलेल्या एकवीस प्रकारांत मात्र मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे आले. नोकरीत असताना अपंगत्व आले, म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास कामावरून काढता येत नाही वा त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. मूळ काम जमत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. हा मोठाच पल्ला होय. तथापि आरक्षणासारख्या पुष्कळशा सवलतींसाठी किमान चाळीस टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते आणि अडचण येथेच उभी राहते. आखडलेला पाय मोजता येतो. दुपारी तीन वाजता मेंदूवर पडणारा थकव्याचा पडदा कोणत्या पट्टीने मोजावा? ज्या दिवशी रुग्ण मंडळासमोर उभा राहतो, तो त्याचा बरा दिवस असेल, तर कागदावर उतरते ते त्या एका दिवसाचेच सत्य. चढउतार हेच ज्या रोगाचे लक्षण, त्याची मोजणी एका भेटीत न करता वर्षभराच्या वैद्यकीय नोंदी पाहून करणे हेच शास्त्राला धरून होईल.

क्षय आणि कुपोषण यांनी गांजलेल्या देशाने अशा विरळ रोगाची चिंता का वाहावी, असा आक्षेप घेतला जाईल. तो पोकळ नाही. साधने मर्यादित आहेत, हे खरेच. परंतु रुग्णाला जे हवे आहे, त्यातील बराच भाग खर्चाचा नाहीच. तळमजल्यावरील बसण्याची जागा, पायऱ्यांशेजारी उतार व कठडा, स्वच्छ आणि जवळचे स्वच्छतागृह, कामाच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती, परीक्षेत थोडा अधिक वेळ — यांचा लाभ गुडघेदुखीच्या आजोबांना आणि गरोदर शिक्षिकेलाही होतो. विवाह व मातृत्व यांविषयीच्या भीतीवर तर पैसा मुळीच लागत नाही, केवळ माहिती लागते. या रोगाच्या बहुतेक स्त्रिया वैद्यकीय सल्ल्याने औषधांची आखणी करून सुखरूप माता होऊ शकतात. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत हल्ले सहसा कमीच होतात. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत ते वाढू शकतात, म्हणून त्या काळात घरच्यांची मदत अधिक लागते.

एकट्या माणसाची हाक किती दूर जाऊ शकते, याचे उदाहरण इतिहासात आहे. न्यूयॉर्कच्या सिल्व्हिया लॉरी यांच्या भावास हा रोग झाला होता. यातून बरा झालेला कोणी असेल, तर त्याने कळवावे, अशी लहानशी जाहिरात त्यांनी १९४५ साली वृत्तपत्रात दिली. उत्तरे आली, ती बहुतांशी त्यांच्यासारख्याच हताश कुटुंबांची. त्यांतूनच १९४६ साली अमेरिकेतील राष्ट्रीय संस्था उभी राहिली. भारतात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करीत आहे. मुंबई, पुणे व बेंगळुरू येथे तिच्या शाखा आहेत. रुग्णांना एकत्र आणणे, माहिती पुरविणे, धीर देणे हे तिचे कार्य होय. आपल्यासारखा दुसरा कोणी आहे, हे कळणे हेही एक औषधच असते.

देवनहळ्ळीच्या त्या स्त्रीस बेंगळुरूच्या ‘निमहान्स’सारख्या नामांकित संस्थेत निदान मिळू शकेल. तेथपर्यंत जाण्यास तिला शहर ओलांडावे लागेल. डॉक्टरांशी इंग्रजीत वा कन्नडमध्ये बोलावे लागेल, आणि घरी परतल्यावर सासूबाईंना ते सारे मराठीत समजावून सांगावे लागेल. हा शेवटचा टप्पा कोणतेही रुग्णालय पार करून देऊ शकत नाही. तो शाळेतील शिक्षकाने, वाचनालयातील ग्रंथपालाने आणि घराघरांतील वाचकाने पार करावयाचा आहे. ज्या दिवशी ती थकले म्हणून खाली बसेल आणि कोणी कारण विचारण्याआधी खुर्ची पुढे सरकवील, त्या दिवशी विज्ञान त्या घरापर्यंत पोहोचले, असे म्हणावयास हरकत नाही.