ऑर्किडची वाटणी करताय? जरा थांबा!

बाल्कनीतल्या ऑर्किडच्या कांड्या कुंडीच्या काठाबाहेर डोकावू लागल्या, की एकाची चार रोपं करण्याचा मोह होतो. एक आईला, एक मैत्रिणीला, दोन आपल्याला! पण इतके लहान तुकडे केले, की रोपं रोडावतात आणि फुलांसाठी कधीकधी दोन-तीन वर्षं वाट पाहावी लागते.

आधी रोप ओळखा

डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, सिंबिडियम ही ऑर्किड आडव्या खोडावर एकापुढे एक नव्या कांड्या काढत सरकतात. वाटणी करायची ती यांचीच. फॅलेनॉप्सिस आणि वांडा एकाच खोडावर सरळ वर वाढतात, त्यांना अशी सुरी लावू नका.

हिशेब तीन-चारचा

प्रत्येक भागात किमान तीन-चार कांड्या हव्यात. म्हणजे कुंडीत सहा-सात कांड्या असतील, तर रोपं दोनच. पानं गळालेल्या, पण हिरव्या आणि टणक असलेल्या जुन्या कांड्याही ठेवा. त्यांत साठलेल्या पाण्यावर आणि अन्नावरच नवा कोंब पोसला जातो.

आधी कापा, नंतर उपटा

बहर संपला, की रोप कुंडीतच राहू द्या आणि फक्त आडवं खोड मधोमध कापा. पुढचा वाढता कोंब मागच्या डोळ्यांना दबवून ठेवतो. हा संबंध तुटला, की मागचा सुप्त डोळा जागा होतो. एक-दोन महिन्यांनी तिथे कोंब आणि नवी मुळं दिसू लागली, की दोन्ही भाग वेगळे लावा. कापणं आणि उपटणं असे दोन धक्के रोपाला एकदम बसत नाहीत.

एवढं विसरू नका

* सुरी आचेवर तापवून, गार करून वापरा. दुसऱ्या रोपाला लावण्याआधी पुन्हा तापवा. ऑर्किडचे विषाणू सुरीवरूनही पसरतात आणि त्यांवर औषध नाही.
* कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावा, पण ती मुळांवर पडू देऊ नका. मुळं सुकतात.
* कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या लहान कुंडीत रोप लावा. ते हलू नये म्हणून काडीचा आधार द्या.
* पहिले दोन आठवडे सावलीत ठेवा. पाणी बेताचंच द्या, पानांवर हलका फवारा मारा.

मैत्रिणीला रोप द्यायचंय? मुळं धरल्यावरच द्या. भेट थोडी उशिरा पोहोचेल, पण तिच्या घरी फुलेल.