म्हणे, रक्तातच शिस्त!

स्वित्झर्लंड बघून आलेली आपली मंडळी चॉकलेटांबरोबर एक वाक्य हमखास आणतात, "त्यांच्या रक्तातच शिस्त आहे हो!" उभा जन्म वर्गात गेला माझा. रक्तात शिस्त घेऊन आलेला एकही विद्यार्थी पाहिला नाही.

युंगफ्राऊला जाताना यातल्या अनेकांची गाडी त्स्वायल्युचिनेनला थांबलेली असते. बघतं कोण! दोन दऱ्यांतून येणाऱ्या दोन ल्युचिने नद्या इथे मिळतात. इंटरलाकेनहून आलेल्या गाडीचे इथे दोन भाग करतात, एक लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. परतताना ते पुन्हा जोडायचे. म्हणजे एक रखडला की दुसऱ्याचाही खोळंबा. तरी दर अर्ध्या तासाने हे बिनबोभाट चालतं.

ही रेल्वे १८९० ची. पण दर तासाला ठरल्या मिनिटाला गाडी आणि उतरलात की पुढची तयार, ही रीत देशभर आली १९८२ मध्ये. तेव्हा मी शिकवत होतो, इतकी ती अलीकडची! १९८७ मध्ये 'रेल्वे २०००' योजनेवर सार्वमत झालं आणि अब्जावधी फ्रँकच्या खर्चाला लोकांनी होकार दिला. गाड्यांच्या भेटीच्या वेळा आधी ठरवल्या, रूळ त्या हिशोबाने बांधले. यात रक्त कुठे आलं? मत आलं, कर आला, वेळापत्रक आलं.

रक्ताचं कारण सोयीचं असतं, एवढंच. मग आपल्याला कुणाकडे काही मागायला नको.

असो. उन्हाळ्यात जाणाऱ्या भाचेमंडळींनी डब्यावरचं गावाचं नाव मात्र वाचून बसावं. नाहीतर निघाल ग्रिंडेलवाल्डला आणि उतराल लाउटरब्रुनेनला.