खोक्यावरचे चित्र आणि खोक्यातला माल

गिऱ्हाईक माल विकत घेण्याआधी खोका विकत घेते, हे आमच्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. अत्तराची कुपी असो, चपलेचा जोड असो, की साडीचा बॉक्स, हात प्रथम वेष्टनावर पडतो. पण व्हिडिओ गेमच्या धंद्यात ही गोष्ट जेवढी टोकाला गेली तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या मालात गेली असेल. साडीची घडी उलगडून पाहता येते, अत्तराचा फाया मनगटावर लावून पाहता येतो. गेमच्या कॅसेटचे किंवा सीडीचे तसे नाही. ती घरी नेऊन यंत्रात घातल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. म्हणून या मालात खोक्यावरचे चित्र हाच सगळा शब्द. शब्द देणारा कारखानदार बसतो अमेरिकेत किंवा जपानात, आणि शब्द मोडला की गिऱ्हाईक येऊन उभे राहते आमच्या गल्ल्यासमोर.

मुंबईत मनीष मार्केट, मुसाफिरखाना, लॅमिंग्टन रोड या भागांत आमचे कितीतरी बांधव या धंद्यात आहेत. नव्वदच्या दशकात आमच्या नात्यातल्या एका दुकानात आम्ही ईदच्या दुसऱ्या दिवशी बसलो होतो. मुले मुठीत ईदी घेऊन कॅसेट घ्यायला येत. एका पिवळ्या कॅसेटवर छापले होते, ९९९९९९९ खेळ. एक कमी एक कोटी! संध्याकाळी एक मुलगा वडिलांना घेऊन परत आला. खेळ मोजून आठ-दहाच निघाले होते; तेच पुन्हा पुन्हा, कधी दुसऱ्या टप्प्यापासून, कधी नुसते नाव बदलून. वडील भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाई, तुम्हाला तरी ठाऊक होते ना?" दुकानदाराला ठाऊक होते. बाजारात सगळेच ती विकत होते, हे त्याचे उत्तर खरे होते. पण ते त्याला मोठ्याने देता आले नाही.

ही रीत काही आमच्या बाजारात जन्मली नाही. अमेरिकेतील अटारी कंपनीने १९७७ साली कॅसेट बदलून खेळायचे यंत्र घरोघरी पोचवले. त्या काळी पडद्यावर दिसत ते चार चौकोन आणि दोन रेघा. कंपनीने काय केले, तर कसलेल्या चित्रकारांकडून खोक्यांसाठी रंगीत चित्रे काढून घेतली. खोक्यावर उसळता समुद्र, अवकाशयाने, घामाने निथळणारे खेळाडू. आत एक ठोकळा दुसऱ्या ठोकळ्यामागे धावतो आहे. चित्रे खरोखर सुरेख होती आणि पुष्कळांना आजही आवडतात. सुरुवातीला कोणी तक्रारही केली नाही, कारण माल नवा होता आणि उरलेले गिऱ्हाईक कल्पनेने भरून काढत होते.

आमच्या कारागीर बांधवांनी या कंपनीची दुसरी गोष्ट मात्र लक्ष देऊन ऐकावी. खोक्यावर चित्र होते, कंपनीचे नाव होते. ज्याने महिनोन्महिने खपून खेळ तयार केला त्याचे नाव कुठेच नव्हते. १९७८ मध्ये कंपनीत आलेले रे कासार हे कापड उद्योगातून आलेले गृहस्थ. डेव्हिड क्रेन आणि त्यांचे तीन सोबती यांनी कंपनीच्याच कागदावरून पाहिले, की विकल्या जाणाऱ्या खेळांपैकी मोठा वाटा आपल्या चौघांच्या हातचा आहे. नाव आणि वाटा मागायला ते कासार यांच्याकडे गेले. क्रेन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे उत्तर असे मिळाले, की कारखान्यात कॅसेट जोडणाऱ्या मजुरापेक्षा तुमचे महत्त्व अधिक नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ साली ॲक्टिव्हिजन नावाने त्याच यंत्राचे खेळ बनवू लागले. त्यांनी खेळ करणाऱ्याचे नाव छापून लोकांपुढे ठेवले. अटारीने दावा लावला. १९८२ मध्ये तडजोड झाली आणि दुसऱ्याच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे माल बनवण्याचा धंदा रूढ झाला. अटारीतच राहिलेल्या वॉरेन रॉबिनेट या कारागिराने तर 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तिच्यात आपले नाव दडवून ठेवले. कंपनीला त्याचा पत्ता फार उशिरा लागला.

मालेगाव-भिवंडीच्या आमच्या माणसांना यात काही ओळखीचे वाटले असेल. कोरे कापड येथे निघते, बाहेरगावी रंगते, आणि दुसऱ्याच्या छापाने खोक्यात बसते. विणणाऱ्याला गुप्त खोलीही नाही.

आता १९८२ चा नाताळ. एका गाजलेल्या चित्रपटावरून 'ई.टी.' नावाचा खेळ काढायचे अटारीने ठरवले. हक्कासाठी भारी रक्कम मोजली आणि हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या एका माणसाला खेळ तयार करायला दिले फक्त सुमारे ५ आठवडे. जाहिरात जोरदार, खोक्यावर सगळ्यांच्या ओळखीचा चेहरा. लाखो कॅसेट गेल्या, पण आत असे काही निघाले की मुले खड्ड्यात पडत आणि बाहेर येईनात. लाखो कॅसेट परत आल्या किंवा पडून राहिल्या. त्याच सुमारास कोणीही उठावे आणि कॅसेट काढावी असे चालले होते. दुकानदारांची कपाटे भरली, काही छोट्या कंपन्या तर माल परत घेण्याआधीच बुडाल्या. मग दुकानदारांनी हाच माल मिळेल त्या भावाने टोपलीत ओतला, आणि त्या टोपलीने चांगल्या मालाचाही भाव पाडला. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतील आलमोगोर्डो गावाच्या कचरा डेपोत अटारीने ट्रक भरभरून माल पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तो खड्डा उकरला गेला, सुमारे १३०० कॅसेट वर निघाल्या, आणि पुढे त्यांतल्या काहींच्या लिलावात १ लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. कचऱ्याला किंमत आली! पण १९८३ साली ज्या दुकानदाराचे भांडवल त्या खोक्यांत अडकले त्याला त्यातले काही मिळाले नाही.

त्या पडझडीनंतर अमेरिकेतला दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्द ऐकायला तयार नव्हता. निंटेंडो ही जपानी कंपनी १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आली ती हे ओळखून. यंत्राला तिने 'एंटरटेनमेंट सिस्टिम' म्हटले, कॅसेटला 'गेम पाक'. यंत्राची घडण व्हीसीआरसारखी, कॅसेट समोरून सरकवायची. सोबत एक प्लॅस्टिकचा रोबो, म्हणजे हे खेळण्याच्या खात्यात बसेल. दुकानदारांना सांगितले की माल ठेवा, ९० दिवसांनी विकल्याचे पैसे द्या, राहिलेला आम्ही परत नेतो. आमच्या मते सगळ्या जाहिरातींपेक्षा या एका अटीने जास्त काम केले. आणि खोके? काळ्या रंगाचे, त्यांवर पडद्यावर जसे दिसते तसेच ठोकळ्या-ठोकळ्यांचे चित्र मोठे करून छापलेले. समुद्र नाही, घाम नाही. आहे ते हे आहे, घ्यायचे तर घ्या. लोकांनी घेतले.

खोक्यावर एक शिक्काही होता, गुणवत्तेचा. त्याबद्दल मात्र आम्ही सावध बोलू. तो शिक्का म्हणजे खेळ चांगला, असे नव्हे. कंपनीने मंजूर केला, एवढेच. सोन्यावरचा हॉलमार्क कस सांगतो, दागिन्याची घडण सांगत नाही, तसे. यंत्रात एक चिप बसवून परवान्याशिवायची कॅसेट चालू नये अशी तजवीज केली. परवानाधारकाला वर्षाला ५ खेळांची मर्यादा, कॅसेट निंटेंडोकडूनच बनवून घ्यायच्या, आणि पैसे आधी. यंत्राचा भाव दुकानदारांनी पाडू नये म्हणून दबाव टाकल्याच्या तक्रारीवरून १९९१ मध्ये सरकारशी तडजोड करून कंपनीला ग्राहकांना ५ डॉलरची कुपने द्यावी लागली. म्हणजे खोक्यावर प्रामाणिक असलेला व्यापारी करारात प्रामाणिक असतोच असे नाही.

मग सेगा मैदानात आली आणि जाहिरातींना नवा रंग चढला. निंटेंडोचे नाव घेऊन तिला टोमणे मारायचे, आणि 'ब्लास्ट प्रोसेसिंग' असा शब्द सोडून द्यायचा, ज्याचा अर्थ घेणाऱ्याला कळत नव्हता आणि विकणाऱ्यालाही. साबणाच्या वडीवरच्या 'नव्या फॉर्म्युल्या'चाच हा भाऊबंद. पुढे 'बिट'ची मोजदाद सुरू झाली, ८, १६, ३२, ६४, जणू तराजूत तोळे टाकावेत. १९९३ मध्ये अटारीने ६४ बिटांचे 'जॅग्वार' यंत्र आणले आणि जाहिरातीत ग्राहकालाच हिशेब करायला सांगितले. ग्राहकाने हिशेब केला. यंत्र चालले नाही. अलीकडचे उदाहरण म्हणजे सेगाचाच २०१३ चा 'एलियन्स: कलोनिअल मरीन्स'. जाहिरातीत दाखवलेले दृश्य आणि विकलेला खेळ यांत इतके अंतर होते, की अमेरिकेत खरेदीदार कोर्टात गेले आणि कंपनीने साडेबारा लाख डॉलर द्यायचे कबूल केले.

पण आज आमच्या दुकानदारांपुढे यापेक्षाही अवघड प्रश्न आहे. आता खोक्यावर काय छापले यापेक्षा खोक्यात काही आहे का, हेच विचारावे लागते. काही खोक्यांत सीडी नसते, नुसता कोड असतो. जून २०२५ मध्ये आलेल्या निंटेंडो स्विच २ साठी अशी कार्डे निघाली आहेत ज्यांत पूर्ण खेळ नाही, फक्त किल्ली आहे; खेळ इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. तशी पट्टी खोक्यावर छापलेली असते हे मान्य, पण ती इंग्रजीत असते आणि वडील वाचत नाहीत. प्लेस्टेशन ५ चे सीडी न घेणारे यंत्रही भारतात २०२१ पासून विकले जाते. वरून दोघांत फरक थोडा, किंमत कमी. घरी गेल्यावर कळते की शेजारच्या मुलाची सीडी यात चालणार नाही. आमच्या किती बांधवांचा चरितार्थ जुन्या सीडीच्या अदलाबदलीवर चालतो! सीडीच नसेल तर अदलाबदल कशाची? खोका राहील, चित्र राहील, आणि व्यवहार कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यात परस्पर होईल.

याला उपाय आमच्या हातात पूर्णपणे नाही. जेवढे आहे तेवढे तरी करावे. गल्ल्याजवळ एक यंत्र चालू ठेवून खेळ प्रत्यक्ष दाखवावा; वीज थोडी जळेल, परत येणारा माल कमी होईल. बिलावर मराठीत, उर्दूत, जी भाषा गिऱ्हाईक वाचते तिच्यात लिहून द्यावे: सीडी आहे की कोड, यंत्र सीडी घेते की नाही. बाहेरून आलेल्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापलेली असावी असा कायदा आहे. तो छाप नसलेला माल स्वस्त पडतो म्हणून उचलणाऱ्याने तक्रारीच्या दिवशी आपण एकटे असू हे धरून चालावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो कंपनीला होईल तेव्हा होईल. दुकानात येणारा माणूस कायदा घेऊन येत नाही, खोका घेऊन येतो.

तो पिवळ्या कॅसेटवाला मुलगा पुढे बऱ्याचदा त्या दुकानात आला, कारण दुकानदाराने त्या संध्याकाळी पैसे परत केले आणि उरलेल्या कॅसेटवर पेनने लिहून ठेवले, 'खेळ ८'. त्या कॅसेट विकल्या गेल्या. भाव थोडा कमी मिळाला.