मुक्तिदिनाचा पेपर कुणाच्या घरी आहे?

दरवर्षी 2 ऑगस्ट आला की आपल्या सिल्वासात झेंडावंदन होते, हार घातले जातात, भाषणे होतात. आपल्या समाजातले चार वक्ते उठतात आणि छाती पुढे काढून सांगतात की हा मुलूख मराठी माणसाने सोडवला. टाळ्या पडतात. आम्हीही वाजवतो. पण परवाच्या कार्यक्रमानंतर नववीतल्या एका मुलीने साधा प्रश्न विचारला, "काका, त्या दिवसाची बातमी आलेला पेपर कुणाकडे आहे का? प्रकल्पाला लावायचा आहे." कार्यकारिणीचे सात जण तिथे उभे होते. सातही जण एकमेकांची तोंडे पाहू लागले.

बंधू-भगिनींनो, त्या नाचक्कीबद्दल आज चार कडू शब्द लिहिणे भाग आहे.

आम्ही बँकेत खर्डेघाशी करणारी माणसे. दिवसाअखेर पन्नास रुपयांचा फरक आला तर व्हाउचर सापडेपर्यंत घरी जाता येत नाही. "मला चांगले आठवते, पैसे भरले होते" हे उत्तर तिथे चालत नाही. मग पन्नास रुपयांना जो नियम, तो स्वातंत्र्याच्या इतिहासाला का नसावा? आपण आठवणीवर खाते चालवतो आहोत, आणि आठवणी ठेवणारी माणसे एकेक करून जात आहेत. 1954 साली जो विशीत होता, तो आज नव्वदीच्या पुढे आहे.

कागदाची किंमत काय असते हे आपल्या प्रदेशाइतके दुसऱ्या कुणाला कळायला हवे होते? 22 डिसेंबर 1955 रोजी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. आपल्या गावांकडे जायला वाट पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. 12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. त्या निकालात पुणे दरबाराचा 1779 चा तह आणि 1783 व 1785 च्या सनदा तपासल्या गेल्या. मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिलेच नव्हते, वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची जहागीर किंवा सरंजाम दिला होता, असा अर्थ न्यायालयाने त्या कागदांवरून लावला. पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांची सत्ता मानली हेही न्यायालयाने नोंदवले आणि नागरी ये-जा करण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा नेण्याचा हक्क नाकारला, आणि भारताने काही चूक केली नाही असे सांगितले. हे ठरले कशावर? सव्वाशे वर्षांच्या व्यवहाराच्या कागदांवर. सनद कुणी रद्दीत घातली असती तर?

आता कुणी म्हणेल, सरकारी दप्तरात असेलच सगळे, पेपर कशाला हवेत? थोडा विचार करा. 2 ऑगस्ट 1954 ते 11 ऑगस्ट 1961 ही सात वर्षे इथे पोर्तुगालचे राज्य नव्हते आणि कायद्याने भारताचेही नव्हते. कारभार वरिष्ठ पंचायत पाहत होती. विलीनीकरण दहाव्या घटनादुरुस्तीने 1961 साली झाले. अशा मधल्या काळात शाळेत कोणती भाषा चालली, बाजारात धान्य कसे आले, जंगलातल्या वारली-कोकणा पाड्यांवर काय घडले, हे सरकारी दप्तरात किती सापडणार? त्या काळाचा रोजचा साक्षीदार वर्तमानपत्रच.

शिवाय श्रेयाचे भांडण आहेच. 22 जुलैला दादरा मोकळे केले ते युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने. 28 जुलैला नरोलीत आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक होते. शेजारच्या डहाणू-तलासरी भागातले कम्युनिस्ट कार्यकर्तेही लढ्यात होते. निधीसाठी सुधीर फडके यांनी खटपट केली आणि लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम दिला. आज प्रत्येक पक्ष आपापला तुकडा मोठा करून सांगतो आणि दुसऱ्याचे नाव गाळतो. आम्हाला कुणाची बाजू घ्यायची नाही. आमचे म्हणणे एवढेच, की केसरी, सकाळ आणि लोकसत्ता या तिन्ही पत्रांचे जुलै-ऑगस्ट 1954 चे अंक शेजारी ठेवा, त्यांच्या जोडीला मुंबई समाचार आणि सुरतेचा गुजरातमित्र ठेवा, आणि मग बोला. होय, गुजराती पेपरसुद्धा! आपल्या दारातली बातमी गुजरातीत अधिक तपशिलाने आली असेल तर ती वाचायला लाज कसली? मुंबई समाचार 1822 पासून निघतो, आपल्या बाळशास्त्रींच्या दर्पणाच्याही दहा वर्षे आधीपासून.

आता लाज वाटावी अशी गोष्ट ऐका. लिस्बनचे ‘दिआरिओ दे लिस्बोआ’ हे सायंदैनिक 1921 ते 1990 पर्यंत चालले. त्याचे अंक आज संगणकावर तारीखवार फुकट पाहता येतात. सालाझारच्या सेन्सॉरची कात्री लागलेला तो पेपर! ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात 1954 पर्यंतची असंख्य वृत्तपत्रे शब्द टाकून शोधता येतात. सिंगापूरच्या स्ट्रेट्स टाइम्सचे तेच. म्हणजे ज्याने आपल्याला गुलाम केले त्याचा पेपर घरबसल्या मिळतो, आणि ज्या मराठी पेपरांनी आपली सुटका छापली ते सिल्वासात बसून वाचायची सोय आपण केलेली नाही.

इंग्रजांचेही तसेच. मुंबई इलाख्यातले देशी पेपर काय लिहितात यावर पाळत ठेवण्यासाठी सरकार 1868 पासून दर आठवड्याला इंग्रजीत सारांश काढत असे. मूळ अंक गेले तिथे आज अभ्यासक त्या पाळतीच्या कागदांवरच विसंबतात. अमेरिकेने गव्हाच्या बदल्यात मिळालेल्या रुपयांतून 1962 पासून भारतातली पुस्तके आणि नियतकालिके विकत घेऊन आपल्या ग्रंथालयांत नेली. परक्याला आपल्या छापील कागदाची किंमत कळली, आपल्याला कळला तो रद्दीचा भाव.

कायद्याचेही नशीब पाहा. प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना पुस्तकाची प्रत पाठवलीच पाहिजे, हा कायदा 1954 सालचा. पण त्यात वर्तमानपत्रे आली ती 1956 च्या दुरुस्तीने. आपला मुक्तिलढा नेमका त्या मधल्या फटीत पडला! म्हणून ते अंक कुणाच्या तरी हौसेवर आणि काळजीवर टिकले. आणि आपण काय केले? आमच्यातल्याच एका घरी वडिलांनी जपलेला पेपरांचा गठ्ठा घर रंगवताना माळ्यावरून खाली आला आणि दुपारपर्यंत रद्दीवाल्याच्या काट्यावर चढला. त्या घरातले लोक वाईट नव्हते. त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. सांगण्याचे काम कुणाचे होते? मंडळाचे, म्हणजे आमचेच.

"सगळे ऑनलाइन मिळते" असे म्हणणाऱ्या तरुणांनाही एक विचारतो. गेल्या पाच वर्षांतले सिल्वासाचे स्थानिक पान काढून दाखवा. 26 जानेवारी 2020 ला आपला प्रदेश दमण-दीवबरोबर एक झाला, तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी काय म्हटले ते दाखवा. ई-पेपरचे जुने अंक अनेकदा काही दिवसांनी दिसेनासे होतात किंवा पैसे मागतात. मुख्य आवृत्ती जपली जाते, जिल्ह्याची पुरवणी हरवते. आणि आपली बातमी असते ती पुरवणीतच. उद्या मराठी शाळेच्या तुकडीसाठी भांडायची वेळ आली, तर "आम्ही इथे पिढ्यान्‌पिढ्या आहोत" एवढ्यावर अधिकारी ऐकणार नाही. तो म्हणेल, कागद आणा.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. प्रशासनाने मुक्तिदिनाच्या मंडपावर खर्च जरूर करावा, पण 1954 ते 1961 च्या मराठी, गुजराती, इंग्रजी आणि पोर्तुगीज वृत्तपत्रांच्या प्रती मिळवून सिल्वासातल्या सरकारी ग्रंथालयात एक वेगळे दालन उघडावे. त्यात आजची स्थानिक पानेही रोजच्या रोज साठवावीत.

मंडळाने सरकारची वाट पाहत बसू नये. वापीहून सकाळची गाडी धरली तर दुपारी मुंबईत एशियाटिक सोसायटीत किंवा दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात चौकशी करता येते. इलाख्याच्या काळाची दप्तरे एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. पुण्यात केसरीचा वाडा आहे. पणजीत 1832 पासूनचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे, तिथे गोव्यातली जुनी पोर्तुगीज पत्रे आहेत. दोन तरुण आणि एक जाणता माणूस एवढी तुकडी पुरे. खर्च मंडळाच्या स्नेहभोजनातून कापा. एक वर्ष श्रीखंड नसले तर कुणी उपाशी राहत नाही.

शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. घटनेच्या तारखेचा अंक काढून हात हलवत परत येऊ नये. बातमी दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी छापली जाते. आणि पोर्तुगीज पत्रांत ‘नगर-अवेली’ अशा नावाने शोधावे, आपल्या उच्चाराने ती सापडणार नाही.

घरोघरी काय करायचे? माळे उघडा. जुना पेपर दिसला तर कात्रण काढू नका, पानावरचे नाव आणि तारीख तोडू नका. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन टाळा. घडी उलगडून, सपाट आणि उन्हापासून दूर ठेवा, कारण हा कागद उजेडाने पिवळा पडून ठिसूळ होतो. मोबाइलवर पूर्ण पानाचा फोटो काढा. मूळ पेपर तुमच्याच घरी राहू द्या. मंडळाच्या कार्यालयात या रविवारपासून एक जाड वही ठेवली आहे. पत्राचे नाव, तारीख, पान, विषय, मूळ प्रत कुणाकडे, असे पाच रकाने आम्ही स्वतः आखले आहेत. एवढे काम आम्हाला येते.

पुढच्या 2 ऑगस्टला ती मुलगी दहावीत असेल. तिने पुन्हा विचारले तर तिला भाषण ऐकवू नका, वही उघडून दाखवा. आणि तोवर वहीत एकही नोंद झाली नाही, तर मंचावर चढण्यापूर्वी आपल्या वक्त्यांनी निदान एकदा आपल्याच घरच्या माळ्याकडे पाहून घ्यावे.